व्हिजिटिंग एक्स्पर्ट्सचा लीडरशिप-कम्युनिकेशन कोर्स: नक्की जा, पण प्रॅक्टिस किती आहे ते आधी विचारा

आमच्या विद्यापीठात मागच्या सेमिस्टरला लीडरशिप आणि कम्युनिकेशनचा आठवड्याभराचा प्रोग्रॅम झाला, शिकवायला बाहेरून एक्स्पर्ट बोलावले होते. बरेच जण विचारतायत कसा होता, फी भरून जावं का, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि ज्या कोऑर्डिनेटर मॅडमनी एवढं खपून हे सगळं उभं केलं त्यांना त्याचा त्रास व्हायला नको. माझं मत आधीच सांगून टाकते: नक्की जा. मोठ्या माणसांची लेक्चरं ऐकायला मिळतील एवढ्यासाठी जात असाल तर मात्र घरबसल्या यूट्यूबवर ढीगभर आहेत. आम्हाला जे मिळालं ते उभं राहून, बोलून, चुकून आणि परत बोलून मिळालं.

आधी तक्रार. पहिला दिवस जेवणापर्यंत उद्घाटनातच गेला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग एकेका मान्यवरांचं मनोगत, आणि ज्यांना इतक्या लांबून बोलावलं त्या पाहुण्या मॅडम स्टेजवर नुसत्या बसून. सत्कार जरूर करा, आपली पद्धत आहे ती, पण वीस मिनिटात होतो की. केंद्र सरकारची ग्यान नावाची योजना आहे, 2015 मध्ये सुरू झालेली, परदेशी प्राध्यापकांना आपल्याकडे छोटे कोर्स शिकवायला बोलावणारी. त्यात 12-14 तासांच्या कोर्ससाठी पाहुण्यांना 8,000 डॉलरपर्यंत आणि 20-28 तासांसाठी 12,000 डॉलरपर्यंत द्यायची तरतूद ठेवली होती, प्रवास आणि मानधन धरून. आमचा प्रोग्रॅम ग्यानचा नव्हता, विद्यापीठाच्या स्वतःच्या फंडातला होता, पण हिशोब तोच लागतो ना, पाहुण्यांचा एकेक तास इतका महाग असताना अर्धा दिवस हारतुऱ्यात घालवणं म्हणजे पोरांच्या तोंडचा घास काढून घेणं आहे.

आता चांगलं. दोन एक्स्पर्ट होते, एक परदेशी विद्यापीठात शिकवणाऱ्या मॅडम आणि दुसरे रेडिओवर आयुष्य घालवून रिटायर झालेले मुंबईचे सर. मॅडमनी मार्शल गँझ यांची पद्धत शिकवली. हे गँझ हार्वर्डला शिकवतात, पण त्याआधी कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्या शेतमजूर युनियनमध्ये त्यांनी 16 वर्षं काम केलंय, त्यामुळे या पद्धतीमागे मजुरांना एकत्र आणण्याचा अनुभव आहे हे कळतं. भाषणाचे तीन भाग करायचे. मी इथे का उभी आहे ते आधी, मग आपलं सगळ्यांचं काय पणाला लागलंय ते, आणि शेवटी आत्ता ताबडतोब तुम्ही काय करायचं ते. ऐकायला फार सोपं वाटतं. करायला गेलं की घाम फुटतो, कारण आपण सगळे शाळेपासून वक्तृत्व स्पर्धेत घडलेलो, आदरणीय व्यासपीठ आणि माझ्या बंधू-भगिनींनो पासून सुरुवात आणि एका सुविचारावर शेवट, मधे मी कुठे नाहीच.

आमच्या ग्रुपमधली एक मुलगी मुलींच्या शिक्षणावर बोलायला उभी राहिली. पाठांतर जोरदार, सावित्रीबाई, आकडेवारी, सगळं होतं. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की आज सकाळी तू घरातून किती वाजता निघालीस. ती म्हणाली पावणेसहाला, कारण पहिली एसटी चुकली की दुसरी येईपर्यंत दोन लेक्चरं जातात, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर वडील फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभे राहतात, आणि दोनदा असं झाल्यावर घरातून विषय निघाला की एवढं कशाला शिकायचं. मॅडम म्हणाल्या, हे बोल. त्याच्या पुढच्या दिवशी ती तेच बोलली, मराठीत, कागदाशिवाय, आणि शेवटी म्हणाली की डेपो मॅनेजरना द्यायचा अर्ज मी लिहून आणलाय, गाडी अर्धा तास उशिरा सोडा म्हणून, त्या रूटवर तुमच्यापैकी जे जे येतात त्यांनी जेवायला जायच्या आधी सह्या करा. लोक रांगेत उभे राहिले हो सह्या करायला! मी आजवर जेवढ्या वक्तृत्व स्पर्धा बघितल्यात त्यात भाषण संपल्यावर टाळ्या झाल्यात, काम झालेलं पहिल्यांदा बघितलं.

ते मराठीत झालं हे पण महत्त्वाचं. पहिले दोन दिवस सगळं इंग्रजीत चाललेलं, तालुक्याच्या कॉलेजमधून आलेली पोरं मागच्या बाकांवर गप्प. कोऑर्डिनेटर मॅडमच्या ते लक्षात आलं, त्यांनी पाहुण्या मॅडमशी बोलून नियम केला की ज्याला ज्या भाषेत सुचतं त्यात बोला, मी शेजारी बसून भाषांतर करते. त्या दिवसापासून हॉलच बदलला. ज्यांचं तोंड उघडत नव्हतं तेच सगळ्यात भारी बोलले. पुढच्या वेळी हे पहिल्या दिवसापासून करावं ही मनापासून विनंती.

रेडिओवाल्या सरांचं सेशन लहान होतं पण मला वैयक्तिक फायदा सगळ्यात जास्त त्याचाच झाला. पेपरातली एक साधी बातमी घ्यायची, मोठ्याने वाचायची, मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि तिथेच सगळ्यांसमोर ऐकायची. आपला आवाज ऐकणं फार अवघड असतं. सर म्हणाले, तुम्ही सगळे वाक्याचा शेवट गिळता, क्रियापद येईपर्यंत श्वास संपलेला असतो, आणि मराठीत तर खरी गोष्ट क्रियापदातच असते, झालं की झालं नाही तेच ऐकू येत नाही समोरच्याला. मग पेन्सिलने श्वासाच्या खुणा करून तीच बातमी परत वाचून घेतली आणि फरक सगळ्यांना कळला. ही सवय मी ठेवलीये.

लीडरशिपच्या थिअरीत रोनाल्ड हायफेट्झ यांचा मुद्दा घेतला, हे पण हार्वर्डचेच. हॉस्टेलची मोटर जळाली तर वायरमन बोलवा, प्रश्न संपला. पण पाणी रोज संध्याकाळीच संपतं कारण सगळेच नळ सोडून ठेवतात, हे रेक्टरच्या नोटिशीने सुटत नाही, तिथे राहणाऱ्यांनीच वागणं बदलावं लागतं, आणि तिथे जो पुढाकार घेतो त्याच्याकडे पद असायची गरज नाही. हे फार पटलं. महाराष्ट्रात कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका 90 च्या दशकात बंद झाल्या, 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद परत आली, पण आमच्या पिढीला निवडणूक लढवणं, हरणं, लोकांसमोर जाऊन मत मागणं हे अनुभवायलाच मिळालं नाही. त्यामुळे असे कोर्स आम्हाला जास्तच गरजेचे आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2019 च्या जीवन कौशल्य अभ्यासक्रमात कम्युनिकेशन आणि लीडरशिप दोन्ही आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ते नोट्स वाचून आणि पेपर लिहून उरकतात, आणि बोलणं काय पेपर लिहून येतं का?

बाकी व्यवस्था ठीक होती, जेवण चांगलं, हॉलचा माईक मात्र सतत खरखरत होता, आणि कम्युनिकेशनच्या कोर्सला तरी माईक धड हवा. खुर्च्या फिक्स असल्यामुळे ग्रुपमध्ये बसताना हाल झाले, शेवटी आम्ही पोर्चमध्ये सतरंजी टाकून बसलो.

सगळ्यात मोठी कमतरता म्हणजे नंतरचं काही नाही. पाहुणे गेले, सर्टिफिकेट मिळालं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आता फक्त गुड मॉर्निंग येतं. खरं तर फार खर्च न करता हे चालू ठेवता येईल. टोस्टमास्टर्स क्लब 1924 पासून हेच करतायत, आठवड्याला किंवा पंधरवड्याला जमायचं, बोलायचं, एकाने वेळ लावायची, एकाने अं-अं मोजायचे, एकाने शांतपणे सांगायचं काय जमलं आणि काय नाही. डिपार्टमेंटचा एक वर्ग आणि दर शनिवारची एक संध्याकाळ मिळाली तरी पुरे. 2022 पासून यूजीसीने प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस नेमायला परवानगी दिलीये, 15 वर्षांचा अनुभव असलेली माणसं, पीएचडीची अट नाही, तर त्या रेडिओवाल्या सरांसारख्या माणसाला वर्षभर का नाही ठेवत? विद्यापीठाने याचा खरंच विचार करावा.

तुमच्याकडे असा प्रोग्रॅम निघाला तर फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात फोन करून विचारा की प्रत्येकाला स्वतः बोलायला किती वेळा मिळणार आणि एका ग्रुपमध्ये किती जण. आमच्याकडे आठ जणांचे ग्रुप होते म्हणून जमलं. शंभर जणांना एका हॉलात बसवून पीपीटी दाखवणार असतील तर ते पैसे बसभाड्याला ठेवा. आणि मराठीत बोललं तर चालेल का तेही त्याच फोनवर विचारून घ्या, म्हणजे पहिले दोन दिवस वाया जायचे नाहीत.