किलोमीटरनुसार हप्त्याची कार पॉलिसी: वर्षभर वापरून झाल्यावर

आमची गाडी फार फिरत नाही, पण तिला सुट्टीही नाही. आठवड्यातून तीनदा बाबांना डायलिसिसला न्यायचं, मशीन चालू असेपर्यंत तिथेच थांबायचं आणि घेऊन यायचं. जाऊन-येऊन 14 किलोमीटर. बाकी भाजी, बँक, क्वचित एखादं लग्न. तरीही वर्षानुवर्षं मी विम्याचा पूर्ण हप्ता भरत होते. औषधांचा खर्च वाढला तेव्हा एका रात्री पॉलिसीचा कागद घेऊन बसले आणि पहिल्यांदाच त्यातली एकेक ओळ वाचली.

जुन्या कंपनीच्या नूतनीकरणाच्या नोटिशीत चावी हरवल्याचं संरक्षण, टायरचं संरक्षण आणि गाडीतल्या सामानाचं संरक्षण अशी तीन ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून मूळ पॉलिसीला जोडायची संरक्षणं, आधीच खूण करून ठेवलेली होती. मी ती कधीच मागितली नव्हती. वर हप्ताही असा, की त्याच कंपनीच्या साइटवर नवीन ग्राहक म्हणून माहिती भरली तर त्याच गाडीला कमी दर दिसत होता. याचा मला मनापासून राग आला. ब्रिटनमध्ये नियामकाने 1 जानेवारी 2022 पासून वाहन आणि घराच्या विम्यात जुन्या ग्राहकाला नूतनीकरणाच्या वेळी नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावायला बंदी घातली आहे. जिथे असा नियम नाही, तिथे आपणच दरवर्षी तीन-चार ठिकाणचे दर काढून बघायला हवेत. कंपनी बदलली तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडेल ही भीती मलाही होती. तो बुडत नाही. बोनस गाडीच्या मालकाचा असतो, नव्या कंपनीत आपल्याबरोबर येतो. फक्त जुनी पॉलिसी संपायच्या आत काम उरकावं. भारतात पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की बोनस जातो.

असे दर काढतानाच किलोमीटरनुसार हप्त्याचा पर्याय दिसला. भारतात आयआरडीएआयने, म्हणजे आपल्याकडच्या विमा नियामकाने, जुलै 2022मध्ये अशा ॲड-ऑनना परवानगी दिली. वर्षात गाडी किती चालेल ते सुरुवातीलाच सांगायचं आणि त्या टप्प्याप्रमाणे हप्ता भरायचा. मला 2,500, 5,000 आणि 7,500 किलोमीटर असे टप्पे दिसले. सूट मिळते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, दर सरकारने ठरवलेला असतो, त्यात काही फरक पडत नाही. जाहिरातीत हे बारीक अक्षरांत असतं, म्हणून इथे स्पष्ट लिहितेय.

टप्पा अंदाजाने निवडू नका. मी सर्व्हिसिंगची बिलं काढली. प्रत्येक बिलावर मीटरचं रीडिंग असतं. वर्षापूर्वीच्या बिलावर 37,110 होतं आणि त्या दिवशी मीटरवर 41,260. म्हणजे 4,150 किलोमीटर. मनातल्या मनात मी तीन हजार धरले होते! 5,000चा टप्पा घेतला आणि नुकसानीच्या भागाचा हप्ता साधारण पाव हिश्श्याने उतरला.

काही योजनांत गाडीत यंत्र बसवतात किंवा ॲप चालवण्याची पद्धत नोंदवतं, म्हणजे ब्रेक किती जोरात मारला, वेग किती होता वगैरे. मी नुसतं रीडिंग मागणारी योजना घेतली. ॲपवर मीटरचा फोटो चढवायचा, एवढंच. पण त्या फोटोनेच घाम काढला. इंजिन चालू, काचेवर ऊन, त्यात माझ्याच हाताचं प्रतिबिंब. आकडे पुसट आले आणि फोटो दोनदा परत आला. शेवटी गाडी सावलीत घेतली, डॅशबोर्डवर बाबांचा टॉवेल आडवा धरला, तेव्हा कुठे सहाही आकडे... नाही, पाचच आकडे, ते नीट आले. मशीनवरून उठलेल्या माणसाला मागच्या सीटवर बसवून हे करायची वेळ येऊ नये. फोटो घरीच, निवांत काढा.

नवव्या महिन्यात पंचाईत झाली. आत्याकडे जाणं अचानक निघालं आणि एका फेरीत 1,300 किलोमीटर झाले. मीटरवरचा वापर 4,400वर पोचला, अजून तीन महिने बाकी. मर्यादा ओलांडली आणि टॉप-अप, म्हणजे पैसे भरून घेतलेले जादा किलोमीटर, नसेल तर माझ्या पॉलिसीत दुरुस्तीचा ठरावीक हिस्सा आपल्याला सोसावा लागतो. थर्ड पार्टी चालूच राहते. कंपनीने स्वतःहून काही कळवलं नाही, मीच डायरीत लिहीत होते म्हणून लक्षात आलं. 1,000 किलोमीटरचा टॉप-अप घेतला, त्यात झालेल्या बचतीचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. वर्षअखेर 550 किलोमीटर शिल्लक राहिले, तेही पुढच्या वर्षात धरले नाहीत. या दोन गोष्टी मला पटल्या नाहीत.

दर बघताना एक कोट, म्हणजे एका कंपनीने सांगितलेला दर, फारच स्वस्त वाटला होता. नीट पाहिलं तर त्यात आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम, बरीच खाली धरलेली होती. सगळ्या कोटमध्ये आयडीव्ही सारखी करूनच तुलना करा, नाहीतर आपण स्वस्त नव्हे, कमी विमा घेतो. ऐच्छिक वजावट मी घेतली नाही. दाव्यात पहिली ठरावीक रक्कम आपण सोसायची आणि त्याबदल्यात हप्ता कमी, असा तो सौदा आहे. ती रक्कम ऐनवेळी हातात असेल त्याने जरूर घ्यावी. आमच्या घरी ती कधी असेल आणि कधी नसेल, सांगता येत नाही. रोडसाइड असिस्टन्सही ठेवला. एका संध्याकाळी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बॅटरी बसली, बाबा थकून खिडकीला डोकं टेकून होते आणि मेकॅनिकने येऊन जम्प स्टार्ट करून दिलं. तेवढ्या पैशाची काटकसर मी कधीच करणार नाही.

त्याच पार्किंगमध्ये मागचा बंपर खांबाला घासला. दावा करणार होते, पण आधी हिशेब मांडला. भारतात बोनसच्या पायऱ्या 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के अशा आहेत. मी 45वर होते. दावा केला नाही तर पुढच्या वर्षी 50, केला तर शून्य. म्हणजे नुकसानीच्या भागाचा हप्ता थेट दुप्पट, आणि पुन्हा 50वर चढायला पाच वर्षं. बोनस वाचवणारं ॲड-ऑन माझ्याकडे नव्हतं. गॅरेजवाल्याचा खर्च त्या मानाने किरकोळ निघाला, तो मीच भरला.

वर्षाला साधारण 6,000 किलोमीटरच्या आत चालणाऱ्या गाडीसाठी मी ही पॉलिसी नक्की सुचवेन. रोज लांब ऑफिसला जाणाऱ्यांनी साधीच घ्यावी. माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण न आलेल्या सूचनेचा आणि वाया गेलेल्या 550 किलोमीटरचा कापला. नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. आत्याकडे यंदा ट्रेनने जायचं ठरलंय, त्यामुळे पुन्हा 5,000चाच टप्पा घेतेय.