प्रार्थनास्थळांच्या वास्तुकलेवरील ऑनलाइन अभ्यासक्रम : एक अभिप्राय

धर्म आणि स्थानिक संस्कृती मिळून प्रार्थनास्थळाची वास्तू कशी घडवतात, या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्यातील शिआनच्या मोठ्या मशिदीवरील व्याख्यान मला सर्वांत मोलाचे वाटले. चीनमधील मंदिरे परंपरेने दक्षिणाभिमुख असतात. ही मशीद मात्र पूर्व-पश्चिम अक्षावर उभी आहे, कारण तेथून मक्का पश्चिमेला येते. एकामागून एक लागणारे चौक, वळलेल्या कडांची कौलारू छपरे आणि मिनाराच्या जागी असलेला अष्टकोनी मंडप हे सारे अस्सल चिनी आहे. दिशा तेवढी धर्माने ठरवली.

मालीतील जेन्नेची मातीची मशीद आजच्या रूपात १९०७ साली उभी राहिली. तिच्या भिंतींतून बाहेर आलेले ताडाचे वासे ही नुसती सजावट नसून, दरवर्षी गावकरी लिंपणासाठी त्यांवरच चढतात, हे चित्रफितीत इतक्या जवळून दाखवले आहे की ओल्या गाऱ्यात उमटलेले बोटांचे ठसेही स्पष्ट दिसतात.

नॉर्वेतील बोर्गुंडच्या लाकडी चर्चच्या छपरावरील ड्रॅगनमुखांचा उल्लेख ओझरता आहे, तो चालेल. परंतु जपानमधील इसे येथील देवस्थान दर २० वर्षांनी (अलीकडे २०१३ मध्ये) नव्याने बांधले जाते, या विलक्षण प्रथेला जेमतेम काही मिनिटे द्यावीत, हे मला खटकले. आराखड्यांवर मोजमापेही हवी होती. तरीही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य करावा, अशी माझी मनापासून शिफारस आहे.