फवारणीचं सुरक्षा किट: मालकाला मिळालं, माझं काय?

पोरानं जूनमध्ये ऑनलाइन मागवलेलं किट. साडेचारशे रुपयांत हातमोजे, चष्मा, दोन पदरी मास्क, टोपी आणि प्लॅस्टिकचा एप्रन. अंबड तालुक्यात आमची दोन एकर मोसंबी. झाडांखालची हरळी अन् लव्हाळा खुरपायला बाया मिळेनात, म्हणून मालक, म्हणजे माझे यजमान, तणनाशक मारतात. पावसाळाभर किट वापरून झालं, तेव्हा लिहिते.

हातमोजे चांगलेत. जाड, कोपरापर्यंत येतात, पैसे तेवढ्यातच फिटले. मागच्या साली मालकांनी पॅराक्वाट नावाचं तणनाशक उघड्या हातानं मापून घेतलं, बाटली गळकी होती. महिनाभरात दोन नखं पांढरी पडली, एक तर निघूनच आलं. डॉक्टर म्हणाले, नखावर निभावलं. घोटभर पोटात गेलं असतं तर फुप्फुसं निकामी होतात, अन् त्याला उतारा नाही. तेव्हापासून हे औषध (बघा, विषाला औषध म्हणायची सवय जात नाही) कुलपात असतं.

चष्म्यावर दहा मिनिटांत वाफ धरते, मग तो कपाळावर. मास्क धुळीपुरता. फवाऱ्यानं भिजला की तोच ओला कपडा नाकाला चिकटून बसतो, त्यापेक्षा नसलेला बरा. एप्रन फक्त पुढून, अन् आमचा पंप गळतो पाठीवर. गुडघ्याखाली तर किटमध्ये काहीच नाही! गवताला मारलेलं माणसाच्या पायालाच लागणार ना, तो त्याच ओल्या गवतातून चालतो. गमबूट वेगळे घेतले. पँट बुटाच्या बाहेर सोडायची, आत खोवली की ओघळ सरळ पायात.

पोरगं ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचं वाचत बसलं होतं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं. अमेरिकेचं पर्यावरण खातं म्हणतं, तशी शक्यता नाही. तिकडंच शाळेच्या मैदानावर ते फवारणाऱ्या एका माणसाला कर्करोग झाला, २०१८ मध्ये ज्यूरीनं कंपनीला २८.९ कोटी डॉलर द्यायला सांगितले, पुढं कोर्टानं ते पुष्कळ कमी केले. आपल्याकडं ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं आदेश काढला, हे फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं. आमच्या दुकानदारानं ना कधी विचारलं, ना सांगितलं. मालक म्हणतात, मोठ्यांचं जमेना, आपण काय ठरवावं. मी म्हणते, ठरेपर्यंत अंगाला लागू द्यायचं का?

आता माझी खरी तक्रार. पंपात पाणी ओतते मी. झाकण उघडताना उडतं ते माझ्या हातावर. संध्याकाळी त्यांचे कपडे धुते मीच, तेही अगोदर लेकरांच्या कपड्यांत भिजवून. यंदा बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. तणनाशकानंच असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण कपडे वेगळे धुवा, हातमोजे घाला, एवढं म्हणाले. किटमधले मोजे घातले तर माझ्या हातातून निसटून बादलीत पडतात. डब्यावर फोटो एका गड्याचा, माप त्याचंच.

पाचपैकी अडीच तारे, तेही हातमोज्यांचे. बायकांच्या मापाची जोडी सुटी कुठं मिळत असेल तर खाली लिहा. जालन्यात तीन दुकानं पालथी घातली, भांडी घासायचे गुलाबी दाखवतात.