यकृतातील फायब्रोसिस: आधी रक्ताचा हिशेब की थेट फायब्रोस्कॅन?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ असे वाचून रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक कुटुंबे धास्तावतात. परंतु तो ग्रेड चरबीचा असतो, फायब्रोसिसचा, म्हणजे यकृतात साचत जाणाऱ्या व्रणतंतूंचा नव्हे. उलट सोनोग्राफी ठीक आली तरी फायब्रोसिस असू शकतो. तो यकृतात सुई न घालता अजमावण्यासाठी ‘फिब-४’ हा रक्ततपासणीवरील निर्देशांक आणि यकृताचा ताठरपणा मोजणारा फायब्रोस्कॅन हे दोन मार्ग बहुतेकांपुढे असतात.

फिब-४ साठी वय, एसजीओटी व एसजीपीटी (रक्तात मोजली जाणारी यकृताची विकरे) आणि प्लेटलेट एवढेच आकडे लागतात व ते तालुक्याच्या प्रयोगशाळेतही मिळतात. वयाला एसजीओटीने गुणावे आणि हजारांतील प्लेटलेट व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावे. फॅटी लिव्हरमध्ये उत्तर १.३ पेक्षा कमी आले (वय ६५ च्या पुढे असल्यास २ पेक्षा कमी), तर पुढच्या टप्प्यातील फायब्रोसिसची शक्यता फार कमी असते, २.६७ च्या वर ती बरीच वाढते. पस्तिशीच्या आत मात्र हा निर्देशांक भरवशाचा नाही.

कोकणात एक धोका विशेष जपावा लागतो. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो, डेंग्यू किंवा मलेरिया झाला की प्लेटलेट घसरतात आणि एसजीओटी चढते. समजा, ५२ वर्षांच्या एखाद्या व्यक्तीचे एरवीचे आकडे एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट २ लाख ४० हजार असे आहेत. तिचा निर्देशांक १.०८ येतो. तापात हेच आकडे ९०, ८१ आणि ८० हजार झाले, तर तो ६.५ होतो, आणि यकृतातील तंतू मात्र होते तेवढेच असतात. म्हणून तापातल्या अहवालावरून हा हिशेब कधीही मांडू नये. आकडे पूर्ववत झाल्यावरच रक्त पुन्हा तपासून घ्यावे.

फायब्रोस्कॅन यकृताचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजतो. ८ च्या खालचा आकडा बहुधा दिलासा देणारा, तर १२ च्या वरचा गंभीरपणे घेण्याजोगा असतो. तपासणी वेदनारहित असून काही मिनिटांत होते, पण त्यासाठी आपल्याकडच्या अनेकांना कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठावी लागते. किमान तीन तास पोटात काही नसावे, अन्यथा आकडा फुगतो; तेव्हा प्रवासातली न्याहारी तपासणीनंतरच घ्यावी. कावीळ, एसजीपीटीची मोठी वाढ, हृदयविकारामुळे यकृतात तुंबलेले रक्त आणि अलीकडचे अतिमद्यपान यांमुळेही ताठरपणा वाढतो. पोटात पाणी झाले असेल, तर मापन होतच नाही किंवा भरवशाचे नसते. स्थूल व्यक्तींनी एक्सएल प्रोब (जाड शरीरासाठीचा मोजणीचा दांडा) आहे का, हे आधी विचारावे.

माझे मत स्पष्ट आहे: फॅटी लिव्हर असलेल्याने आधी फिब-४ काढावा, आणि तो कमी आला तर प्रवासाचा खर्च वाचवून मधुमेह व वजन आटोक्यात ठेवण्याकडे लक्ष द्यावे. मधल्या किंवा वरच्या आकड्यासाठी फायब्रोस्कॅन करावाच. हिपॅटायटिस बी असेल, तर निव्वळ फिब-४ वर विसंबू नये. तिथे विषाणूची मात्राही पाहावी लागते. एमआर इलास्टोग्राफी (एमआरआय यंत्रावर ताठरपणा मोजणारी तपासणी) अधिक अचूक असली, तरी ती महाग आहे आणि मोजक्याच केंद्रांत होते. आधीच्या दोन तपासण्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तरच तिचा विचार करावा. फायब्रोस्कॅनच्या अहवालात किमान दहा मापने आहेत ना आणि ७ च्या वरच्या आकड्यासोबत ‘आयक्यूआर’, म्हणजे मापनांमधील तफावत, मधल्या मापनाच्या ३० टक्क्यांपर्यंतच आहे ना, हे केंद्र सोडण्यापूर्वी पाहून घ्यावे, कारण तसे नसल्यास मापन तिथेच पुन्हा करता येते.