आठ महिने, एक डीएक्यू कार्ड आणि १.४ व्होल्टचं भूत

कार्डाचं नाव लिहीत नाही, कारण विक्रेत्याशी बिलावरून वाद अजून मिटलेला नाही. डीएक्यू म्हणजे डेटा अ‍ॅक्विझिशन: व्होल्टेज मोजून कॉम्प्युटरवर नोंदवणारं कार्ड. यूएसबीवर चालणारं, आठ चॅनलचं, १४ बिटांचं. ज्यांच्या टेबलावर आहे त्यांनी ओळखलं असेलच.

माझं काम भोसरीत, यूपीएस दुरुस्तीचं. परत आलेल्या १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटऱ्या भंगारात टाकण्याआधी महिनाभर नुसत्या ठेवून त्यांचा व्होल्टेज लॉग करायचा, एवढ्यासाठी हे कार्ड घेतलं. इनपुटला १० व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणून १०० किलोओहमचे दोन रेझिस्टन्स लावून व्होल्टेज निम्मं केलं (यालाच डिव्हायडर म्हणतात) आणि लॉगमध्ये त्याला २ ने गुणलं. १०० किलोच का? कारण मी कंजूस आहे. १ किलोचे लावले तर सहा मिलिअँप सतत जाणार, महिन्याला चार एएचच्या वर. म्हणजे बॅटरी किती उतरते हे बघता बघता मीच ती उतरवणार! १०० किलोला फक्त ६० मायक्रोअँप. या हिशोबावर मी फार खूश होतो.

पहिल्याच लॉगमध्ये चारही बॅटऱ्या १० व्होल्टवर. दोन तर मी दारामागे भंगाराच्या ढिगात ठेवल्यासुद्धा. संध्याकाळी सहज मीटर लावला तर १२.६. मग विक्रेत्याला फोन. "सर, अर्थिंग चेक करा." केलं. "लॅपटॉपचा चार्जर काढून बघा." काढला. त्याने आकड्यांची थरथर कमी झाली, हे मान्य, पण १० चे १२ काही झाले नाहीत. शेवटी कार्ड कुरिअरने पाठवलं. पाच आठवड्यांनी परत आलं, सोबत 'दोष आढळला नाही' असा कागद आणि कॅलिब्रेशनचं साडेतीन हजारांचं बिल. दोष नव्हता तर कॅलिब्रेट काय केलंत?

या टप्प्यावर मी हा अनुभव लिहिला असता तर एक तारा दिला असता, तोही नाइलाजाने.

मधल्या काळात एक जुगाड केला: गुणक २ च्या जागी २.५ टाकला. १२.६ ला १२.६ आलं, मी निवांत. पण बॅटरी १०.५ ला आली की लॉगमध्ये १०.६५ दिसायचं. चूक जर प्रमाणात असती तर गुणाकाराने भागलं असतं. म्हणजे आत आणखी कोणीतरी आपलं व्होल्टेज मिसळत होतं.

ते कोण, हे टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलने दाखवलं. सेल थेट इनपुटला लावला: मीटर १.५२, कार्ड १.५२. कार्डावरच २.५ व्होल्टची पिन असते, ती वायरने इनपुटला जोडली: २.५० च्या आसपास. कार्ड ठणठणीत! मग सेल काढला, वायर मोकळी लोंबत होती, तरी स्क्रीनवर १.४. आधी वाटलं सेल अजून लागलेलाच आहे. दोनदा वाकून बघितलं.

मग मीटरचे प्रोब डिव्हायडरच्या मधल्या जोडावर धरून ठेवले. कार्डाची वायर सुटी असताना ६.२७. वायर टर्मिनलला नुसती टेकवली की ५.०३. काढली की पुन्हा ६.२७. दहा वेळा तरी केलं असेल. कार्ड चुकीचं वाचत नव्हतंच, ते हात लावून व्होल्टेज खाली ओढत होतं आणि ओढलेलं व्होल्टेज अगदी बरोबर सांगत होतं.

माहितीपत्रकात एक ओळ आहे: इनपुट इम्पिडन्स, म्हणजे इनपुटचा स्वतःचा रोध, १४४ किलोओहम. साध्या डिजिटल मीटरचा बहुधा १० मेगाओहम असतो. शिवाय कार्डाच्या आतले रेझिस्टन्स मोकळ्या इनपुटला १.४ व्होल्टवर धरून ठेवतात. माझ्या डिव्हायडरचे दोन १०० किलो कार्डाच्या बाजूने समांतर दिसतात, म्हणून स्रोत ५० किलोचा, म्हणजे १४४ किलोवाल्याने ताकद लावली की माझे ६.३ त्या १.४ कडे सरकणार. कागदावर मांडलं, ५.०४ आलं. मीटरला ५.०३. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसलो.

तेव्हा कार्डाबद्दलचं माझं मत बदललं आहे, विक्रेत्याबद्दलचं नाही. "डिव्हायडर किती किलोचा लावलाय?" एवढा एक प्रश्न फोनवर विचारला असता तर पाच आठवडे वाचले असते.

१० किलोचे लावूनही १२.६ ऐवजी १२.२७ च येत होतं. शेवटी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एलएम ३५८ ही ऑप-अँप आयसी आणली, पंधरा रुपये. १०० किलोचा डिव्हायडर तसाच ठेवला, मध्ये ही आयसी बफर म्हणून बसवली (डिव्हायडरवर भार न टाकता तेच व्होल्टेज कार्डाला पुढे देते), तिला वीज जुन्या राउटरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरची. आता मीटर आणि कार्ड दुसऱ्या दशांशापर्यंत जुळतात. थरथरीसाठी सेकंदाला १००० नमुने घेऊन दर १०० ची सरासरी काढतो. १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झच्या बरोबर पाच लाटा येतात, त्यामुळे मेन्सच्या विजेची थरथर आपोआप कटते.

डिफरन्शियलला (दोन इनपुटमधला फरक मोजण्याच्या पद्धतीला) २० व्होल्टची रेंज आहे म्हणून कोणी बॅटरी थेट लावायला सांगेल. लावू नका. रेंज दोन वायरींमधल्या फरकाची आहे, प्रत्येक वायर ग्राउंडपासून १० व्होल्टच्या आतच हवी.

स्क्रू टर्मिनल मात्र खरंच भिकार आहेत. वायर दोनदा काढली की पकड सैल.

दारामागच्या त्या दोन बॅटऱ्यांपैकी एक भंगारवाला घेऊन गेला होता. दुसरी आज ९४ व्या दिवशी १२.४ वर आहे. साडेतीन हजार मी भरलेले नाहीत.