अध्यक्ष, सचिव की संघटना? सोलापुरातल्या विद्यार्थ्यांसाठी थोडी तुलना

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेत जायचं म्हटलं की बहुतेकांना एकच खुर्ची दिसते, अध्यक्षाची. सोलापुरात शिकताय आणि पुढे एमपीएससी, वकिली किंवा राजकारण यातलं काही डोक्यात असेल, तर तीन वाटा शेजारी ठेवून बघा: परिषदेचं अध्यक्षपद, तिथलंच सचिवपद, आणि एखाद्या विद्यार्थी संघटनेतलं पद. माझा कौल आधीच सांगतो: दहातल्या आठ जणांनी सचिव व्हावं.

आधी पद मिळतं कसं ते. महाराष्ट्रात खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या आणि परिषदेवर गुणवत्तेनुसार नेमणुका होऊ लागल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने मतदान परत आणलं. महाविद्यालयातले पदाधिकारी विद्यार्थी थेट निवडणार, आणि विद्यापीठ पातळीवर हे निवडून आलेले प्रतिनिधी मत देणार, अशी रचना. 2019 मध्ये वेळापत्रकही लागलं, पण विधानसभा तोंडावर आली म्हणून सगळं पुढे ढकललं गेलं आणि मग कोरोना आला. त्यामुळे परिपत्रक हातात पडेपर्यंत कुणाच्या तोंडी शब्दावर पॅनेल बांधायला बसू नका.

आता अध्यक्ष आणि सचिव. बाहेरून फरक मोठा वाटतो, कायद्यात तो तेवढा नाही. विद्यापीठ परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव दोघंही अधिसभेचे (सिनेटचे) सदस्य असतात. ज्या सभागृहात विद्यापीठाचं अंदाजपत्रक मांडलं जातं, तिथे सचिवालाही तोंड उघडता येतं. अध्यक्षाकडे जास्तीचं काय, तर बैठकीची खुर्ची, युवा महोत्सवाचं व्यासपीठ, हार-तुरे आणि फोन. फोनचं ओझं उगाच हसण्यावारी नेऊ नका. आपलं विद्यापीठ एका जिल्ह्याचं आहे खरं, पण जिल्हा अकरा तालुक्यांचा. करमाळ्याच्या किंवा अकलूजच्या पोराला केगावला, विद्यापीठाच्या आवारात, एक अर्ज द्यायला यायचं तर एसटीत अख्खा दिवस मोडतो. म्हणून तो आधी अध्यक्षाला फोन लावतो, रात्री अकरालाही.

समजा, तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा निकाल राखीव लागलाय. पुढच्या प्रवेशाची तारीख चार दिवसांवर. अध्यक्ष परीक्षा विभागात जाऊन साहेबांना भेटतो, निवेदन देतो, फोटो निघतो. साहेब म्हणतात, बघतो. सचिवाला, तो कामाचा असेल तर, माहीत असतं की अंतर्गत गुण महाविद्यालयातून वर गेलेलेच नसावेत. तो त्या मुलीचा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) घेतो, महाविद्यालयातल्या क्लार्कला गाठतो, गुणपत्रकाची प्रत आणि जावक क्रमांक मिळवतो आणि मगच केगावला जातो. निकाल सुटतो तो या जावक क्रमांकामुळे. पुढे कुठल्याही सरकारी खात्यात नोकरी करा, कोर्टात उभे राहा की नगरसेवक व्हा, हीच विद्या रोज लागते.

मग कुणी म्हणेल, यंदा सचिव होतो, पुढच्या वर्षी अध्यक्ष. हे गणित जमत नाही. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार पदाधिकारी पदासाठी एकदाच उभं राहता येतं. कार्यकारिणी सदस्य म्हणून दोनदा. याच शिफारशींत पंच्याहत्तर टक्के हजेरी, त्या वर्षी एकही विषय थकलेला नको, आणि उमेदवारामागे 5000 रुपयांच्या आत खर्च, अशा अटी आहेत. छापील पोस्टरही चालत नाहीत, हाताने केलेले चालतात. मित्राच्या वाढदिवसाला चौकात डिजिटल फलक लावणाऱ्या आपल्या शहरात हे पाळायचं म्हणजे मोठीच शिक्षा! पण तक्रार झाली तर उमेदवारी यावरूनच जाते.

संघटनेचं पद वेगळ्याच जातीचं. तिथे हजेरी कुणी विचारत नाही, मुदतही नसते. एका हाकेला शंभर पोरं पूनम गेटसमोर जमतात, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं. शुल्कवाढ, शिष्यवृत्ती, एसटी पास असे प्रश्न परिषदेपेक्षा संघटनेने लावून धरले की लवकर हलतात, हे मान्य करायला हवं. पण मागे पक्ष असतो. तुमचा मोर्चा कधी काढायचा आणि कधी गुंडाळायचा, हे वरून ठरतं. शिवाय जमावबंदी मोडल्याचा एक साधा गुन्हाही नावावर पडला की सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो आणि परिषदेच्या निवडणुकीतही आडवा येऊ शकतो. राजकारणातच जायचं पक्कं असेल तर संघटना, नाहीतर लांबून नमस्कार.

नुसतं काम करायची हौस असेल तर यातलं काहीच नको. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) नाव घाला: दोन वर्षांत 240 तास, एक सात दिवसांचं शिबिर, आणि मत मागायची भानगड नाही.

अध्यक्षपद कुणाला शोभतं? केगावच्या आवारात पदव्युत्तर शिकणाऱ्याला, जो वसतिगृहावर राहतो आणि ज्याची यंदा स्पर्धा परीक्षा नाही. चार तालुक्यांत ज्याचे मित्र आहेत. पूर्व भागातल्या मुलाशी तेलुगूत आणि अक्कलकोटच्या मुलीशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलू शकणारा आपल्याकडे निम्मी लढाई तिथेच जिंकतो. आणि सगळ्यात मोठी अट, नाही म्हणता आलं पाहिजे: प्राचार्यांना, नेत्यांना, स्वतःच्या पॅनेललाही. मुलींसाठी महिला प्रतिनिधीची जागा आहेच, पण तेवढ्यावर थांबायचं कारण नाही. अध्यक्ष-सचिवपद काही मुलांसाठी राखीव नाही.

अर्ज भरण्याआधी एक काम करा. तुमच्या महाविद्यालयात आधी परिषद होऊन गेली असेल तर तिच्या सचिवाला गाठा आणि इतिवृत्ताची वही बघायला मागा. वहीत ठराव, पत्रांचे क्रमांक आणि आलेली उत्तरं असतील तर सचिवपदाला उभे राहा. वहीच सापडत नसेल, तर तिथलं अध्यक्षपद स्नेहसंमेलनापुरतं आहे असं समजा आणि आपलं वर्ष त्यात घालायचं का ते ठरवा.