हँड कंट्रोलची गाडी, नऊ महिन्यांनंतर: ब्रेक चोख, पण हॉर्न कुणी वाजवायचा?

माझ्या गाडीला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर पायाऐवजी हातानं, एका लिव्हरनं चालवायचं किट बसवलेलं आहे. गेल्या बुधवारी शाळेतून परतताना, मल्हारपेठ मागं पडल्यावर एका वळणावर ब्रेकसाठी तो लिव्हर पुढं ढकलला. तो नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त गेला आणि मग ब्रेक लागला. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. गाडी थांबली, काही झालं नाही, पण घरी पोचेपर्यंत माझा हात थरथरत होता.

आदल्याच दिवशी गाडी सर्व्हिसिंग करून आणली होती. आतली मॅट काढताना कुणीतरी ब्रेक पेडलवरचा किटचा क्लॅम्प सोडवला आणि परत बसवताना चेकनट (क्लॅम्प ढिला होऊ न देणारा नट) आवळलाच नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "मॅडम, ते कंपनी फिटिंग नाही, आम्ही हातच लावलेला नाही." किट बसवून देणारा म्हणाला, "पुण्याला घेऊन या." कराडहून पुणे १६० किलोमीटर. एका नटासाठी, आणि तेही ढिल्या ब्रेकवर! संतापानं रात्री झोप लागली नाही. किट घेण्याआधी मी अशा वापराचा अनुभव शोधत होते आणि मराठीत मला एकही सापडला नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी स्कूटर घसरली आणि उजव्या गुडघ्याखाली फिब्युला वरच्या टोकाशी मोडलं. त्या हाडाच्या मानेला वळसा घालून पेरोनियल नर्व्ह खाली जाते, ती दुखावली. हाड जुळलं, नर्व्ह सुधारली नाही. याला फूट ड्रॉप म्हणतात: पाऊल खाली दाबता येतं, वर उचलता येत नाही. "दाबता येतंय ना, मग चालव की," असं सांगणारे नातेवाईक भेटले. पण ॲक्सिलरेटरवरून पाऊल उचलून ब्रेकवर नेणं भरवशाचं नसेल, तर गाडी चालवायची नाही. यात दुसरं मत नाही. वर्षभर सहकारी शिक्षिकेच्या मागं बसून आणि एसटीनं गेले. एका बाजूचे २६ किलोमीटर आहेत.

डाव्या पायाचा दुखावा असता तर साधी एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी घेऊन काम भागलं असतं, तिला क्लचचं पेडलच नसतं. उजव्या पायासाठी दोन मार्ग होते. एक, ब्रेकच्या डावीकडं जादा ॲक्सिलरेटर बसवायचा. हा स्वस्त पडतो, पण गाडी आमचे हेही चालवतात आणि मुलगाही. डावा पाय सवयीनं टेकवला आणि गाडी सुटली तर? तो विचार तिथंच सोडला. दुसरा म्हणजे हातानं चालवायचं किट. स्टिअरिंगखाली उजवीकडं लिव्हर असतो, तो सळ्यांनी पेडलना जोडलेला असतो. पुढं ढकलला की ब्रेक, स्वतःकडं ओढला की ॲक्सिलरेटर. मूळ पेडल तशीच राहतात, त्यामुळं घरातल्या दुसऱ्यांना पायानं चालवता येते. मला स्टिअरिंग एका हातानं फिरवायच्या नॉबसह २८,५०० रुपये पडले.

आधी चांगलं सांगते. ब्रेक उत्तम आहे. ढकलून ब्रेक का, ओढून का नाही, हे मला पहिल्या जोरदार ब्रेकला समजलं. गाडी थांबताना अंग पुढं जातं, हातही पुढं जातो, म्हणजे भीतीनं ब्रेक सुटत नाही, उलट आणखी दाबला जातो. पावसाळ्यात एकदा म्हैस आडवी आली तेव्हा एबीएसची थरथर तळहातात जाणवली, चाकं घसरली नाहीत. शाळेच्या मैदानावर चार रविवार सराव केला. पाचव्या आठवड्यात हात आपोआप चालायला लागला. एवढंच लिहायचं असतं तर पूर्ण गुण दिले असते.

आता हॉर्न. उजवा हात लिव्हरवर, तो सोडायचा नाही, कारण ब्रेक त्याच हातात आहे. डावा हात नॉबवर, तोही वळणावर सोडायचा नाही. मग स्टिअरिंगच्या मधोमध असलेला हॉर्न वाजवायचा कशानं? सरळ रस्त्यावर डावा अंगठा कसाबसा पोचतो. वळणावर नॉब फिरून वर गेलेला असतो आणि हॉर्नची गरज नेमकी तिथंच असते. आमच्या रस्त्यावर डिसेंबर ते मार्च ट्रॉल्यांची रांग असते, कित्येकींना मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नाही, तो फक्त ऐकतो. गावातनं जाताना पोरं, शेळ्या, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली. हॉर्न न वाजवता इथं गाडी चालवता येत नाही आणि किट करणाऱ्यांनी हॉर्न जादा पैशांच्या यादीत ठेवला आहे! बटण असलेल्या हँडलचे ४,२०० रुपये वेगळे सांगितले होते. चार हजारांत एक बटण, या विचारानं मी नको म्हटलं. आज कुणी विचारलं तर सांगेन, हॉर्नशिवायचं किट बसवूनच घेऊ नका. ही सोय नाही, ब्रेकइतकीच गरज आहे.

माझी सोय झाली ती माझ्या जुन्या विद्यार्थ्यामुळं. तो कराडात गाड्यांचं वायरिंग करतो. "बाई, तुमी गाडीत बसा, अंगठा कुठं पोचतोय बगू," म्हणाला. हॉर्नच्या रिलेला (हॉर्न चालू करणाऱ्या विजेच्या स्विचला) अर्थिंग मिळालं की हॉर्न वाजतो, त्यामुळं स्टिअरिंग खोलायची गरज नव्हती. "तिथं एअरबॅगची वायर असती, तिकडं जायचंच न्हाई." त्यानं मोटारसायकलच्या हँडलवरचं बटण लिव्हरच्या टोकावर बसवलं. दोन दिवसांनी परत जावं लागलं, कारण ब्रेक दाबला की तळहातानं हॉर्नही वाजायचा. मग बटण अंगठ्याच्या बाजूला, जरा खाली घेतलं. सगळे मिळून ३५० रुपये, तेही तो घेत नव्हता. गेले पाच महिने ते बटण एकदाही दगा देत नाही.

एका गोष्टीत माझं मत बदललं. पेडलसमोर लावायचा पत्र्याचा गार्ड मी काढून ठेवला होता, पाय ठेवायला अडचण होते म्हणून. ऑक्टोबरमध्ये उजवा बूट सरकून ब्रेक पेडलखाली गेला. लिव्हर ढकलते तर पुढं जाईना. वेग कमी होता, डाव्या हातानं हँडब्रेक ओढला. आपल्याला आपलं पाऊल कुठं आहे ते नीट कळत नसेल तर गार्ड हवाच. त्या दिवसापासून तो कायम लावलेला असतो.

चढावर थांबून निघणं ही दुसरी अडचण. एकाच लिव्हरवर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उलट दिशांना असल्यानं ब्रेक धरून रेस देता येत नाही. माझ्या गाडीला हिल होल्ड, म्हणजे चढावर काही क्षण ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय नाही, त्यामुळं गाडी मागं सरकते. हँडब्रेक ओढायचा, रेस द्यायची, मग हँडब्रेक सोडायचा. कुंभार्ली घाटात एकदा ट्रक अडकला होता तेव्हा हे इतक्या वेळा केलं की खांदा दुसऱ्या दिवशी वर उचलेना. नवी गाडी घेणार असाल तर हिल होल्ड असलेलीच घ्या. लांबच्या प्रवासाला दर तासाला थांबते.

कागदपत्रांचं थोडक्यात. बदल आरसीवर नोंदवून घ्या, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'ॲडॅप्टेड व्हेइकल' म्हटलं आहे. लायसन्सवरही तशी नोंद हवी. माझं अपंगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली आहे, त्यामुळं गाडी घेताना जीएसटीची सवलत मिळाली नाही, याचं वाईट वाटलं. पण आरसीवरच्या नोंदीमुळं विम्याच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात आयएमटी १२ या विम्याच्या कलमाखाली निम्मी सूट मिळाली. एजंट आपणहून सांगत नाहीत, मागावी लागते.

नट शेवटी त्याच विद्यार्थ्यानं आवळला. दोन्ही क्लॅम्पवर, नटावरून खालच्या पट्टीपर्यंत त्यानं पांढऱ्या रंगाची रेघ मारून दिली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आता रोज सकाळी दार उघडल्यावर आधी मोबाइलचा टॉर्च लावून त्या दोन रेघा बघते. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डावर 'पेडलवरच्या किटला हात लावू नये' असं लिहून त्यांच्या माणसाची सही घेणार आहे.